आई-अप्पांना काय दाखवू?

दिवाळीला रत्नागिरीहून आई, अप्पा आणि आत्या बीबी गावी येणार असं कळलं, तेव्हा आनंदाइतकीच धास्ती वाटली. बँकेतल्या पहिल्या नेमणुकीवर इथं येऊन मला जेमतेम चार महिने झाले होते. खोली, शाखा, खाणावळ आणि एसटीचा थांबा, एवढंच माझं बीबी. शाखेत रोज पीककर्जाचे सातबारे हाताखालून जायचे, पण ती शेतं कुठल्या वाटेला आहेत हे मला ठाऊक नव्हतं. तिघांना हिंडवायचं तरी कुठं?

घरमालकीण काकूंना विचारलं. हातातलं सूप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "मायबाप एवढ्या दुरून आले अन् लोणार नाही दाखवलं तं काय दाखवलं?" ओळखीचा जीपवालाही त्यांनीच ठरवून दिला.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच निघालो. सोयाबीन निघून रानं मोकळी झालेली, तूर फुलावर, कपाशी फुटलेली. भातखाचरांची सवय असलेले अप्पा खिडकीतून एकटक बघत होते. जीपवाला एकेक पीक, एकेक फाटा सांगत होता. अप्पांच्या बरोबरीनं मीही ते पहिल्यांदाच ऐकत होतो.

लोणारच्या काठावर आल्यावर कुणी काही बोलेना. पावणेदोन किलोमीटरच्या आसपास रुंद असा तो खड्डा, आत झाडी आणि तळाशी हिरवट पाणी. उल्का आदळून झालेलं हे विवर काळ्या बेसाल्ट खडकातलं आहे. असं विवर जगात फार विरळ. "किती वर्षं झाली याला?" अप्पांनी विचारलं. आदल्या रात्री वाचलं होतं, तेवढं सांगितलं. आधी पन्नास हजार वर्षांच्या आसपास मानत, नंतरच्या मोजणीत वय पाच लाख सत्तर हजारांच्या घरात निघालं.

हळूहळू खाली उतरलो. अप्पांचा जन्म समुद्राकाठी गेलेला. त्यांनी पाण्यात दोन बोटं बुडवली आणि अंगठ्यावर चोळली. "हे आपलं खारं पाणी नव्हे रे. साबणासारखं बुळबुळीत लागतंय." मी चोळून पाहिलं, तसंच होतं. हे पाणी खारट तर आहेच, शिवाय अल्कधर्मी, सोड्याच्या पाण्यासारखं. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं, तेही खारेपणा वाढून मिठात जगणारे सूक्ष्मजीव माजल्यामुळे. त्याच वर्षी सरोवराचं नाव रामसर यादीत गेलं.

चढून वर आलो तेव्हा आई दमली होती. तिथं गोमुखातून पाण्याची धार पडत होती. तिनं ओंजळ धरली, तोंडावर मारली, मग प्यायली. "खाली तसलं पाणी आणि वर हे गोड!" कोकणात पावसाचं कौतुक नसलेली माझी आई त्या धारेपुढून हलायला तयार नव्हती. दैत्यसूदनाच्या देवळात छताकडे मान वर करून आम्ही लोणासुराच्या वधाचं शिल्प पाहिलं. असुराची गोष्ट जीपवाल्यानं सांगितली आणि आत्यानं ती त्याला पुन्हा एकदा सांगायला लावली.

दुसऱ्या दिवशी सिंदखेडराजा. लखुजी जाधवरावांच्या राजवाड्याच्या दारातच आत्या थांबली. जिजाऊंचा जन्म इथला, १२ जानेवारी १५९८ चा. शाळेत हे नाव शेकडो वेळा घेतलेलं. पण वाडा आपल्या खोलीपासून एवढा जवळ आहे हे चार महिन्यांत माझ्या मनातही आलं नव्हतं. आत्यानं चपला काढल्या, उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला नेला आणि बराच वेळ काही बोलली नाही.

तिघं गेली त्यानंतरच्या सोमवारी शाखेत एक शेतकरीदादा सातबारा घेऊन आले. गावाचं नाव वाचून मी विचारलं, "लोणारच्या रस्त्याला फाटा लागतो, ते का?"

"हो ना साहेब, तेच."

१२ जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊ जन्मोत्सव असतो. आत्या त्यासाठी पुन्हा येणार आहे. जीप मी आत्ताच सांगून ठेवली आहे.