कोपऱ्यातली साखळी

'पायऑटोगुई' ठाऊक असेलच. पायथॉनमधून माऊस-कीबोर्ड चालवणारं टूल. त्यात एक झकास सोय आहे. स्क्रिप्ट वेड्यासारखी क्लिक करत सुटली, की माऊस स्क्रीनच्या कुठल्याही कोपऱ्यात ढकलायचा. एरर येते, स्क्रिप्ट थांबते. रेल्वेच्या डब्यातली साखळीच म्हणा ना! ती ओढायला सवड मिळावी म्हणून प्रत्येक कॉलनंतर ०.१ सेकंद थांबायचीही सोय आहे.

आता ती एरर नीट वाचा. माऊस कोपऱ्यात गेला म्हणून थांबलो. ही सोय बंद करायची तर 'फेलसेफ' फॉल्स करा. पण तसं करणं बरं नव्हे. आपल्याला हे पुरतं, कारण साखळी आपणच ओढलेली असते. एआय एजंटला मात्र तेवढा मजकूरच दिसतो. काम अडलंय आणि उपाय त्याच मजकुरात! त्याने तो केला, तर आपल्या हातातली साखळी गेली.

म्हणून एजंटसाठी टूलचं वर्णन लिहिताना मी साफ लिहितो: "ही एरर आली तर माणसाने थांबवलं असं समज. पुन्हा प्रयत्न करू नकोस, सेटिंग बदलू नकोस, काय झालं ते सांगून विचार." शिवाय ते सेटिंग एजंटच्या हाती लागणारच नाही, हेही बघतो. नुसत्या सूचनेवर कशाला विसंबायचं?

थोडक्यात काय, एरर मेसेज हेसुद्धा डॉक्युमेंटेशनच. तुमच्या टूलची एखादी एरर आज वाचून बघा. काय करायला सांगतेय ती?