लावून दिलेली कामं

नवी साइट देखभालीला आली की मी होमपेज नंतर बघते. आधी उघडते ती लावून दिलेल्या कामांची यादी. दुकान कसं चालतं, कोणकोण येऊन हात लावून गेलं आणि कोण काय अर्धवट सोडून गेलं, हे तिथे आपोआप लिहिलेलं असतं.

माझ्याकडे बहुतेक लहान दुकानं आहेत. वर्डप्रेस, त्यावर वूकॉमर्स, आणि त्यावर एखादं तक्त्याचं प्लगइन. सगळा माल एक्सेलसारखा ओळी-रकान्यांत समोर येतो आणि शेकडो भाव एका दमात बदलता येतात. अशा काही प्लगइनांत आणखी एक सोय असते: हेच काम रोज अमुक वाजता आपोआप कर. भाव बदल, साठ्याची फाइल आत घे, ऑर्डरींची सीएसव्ही बाहेर काढ. टिक करायला दोन सेकंद लागतात, म्हणून सगळे करतात.

आणि विसरतात. यादीत ‘टेस्ट २’ नावाचं काम दर तासाला धावत असतं. ज्या पुरवठादाराशी व्यवहार कधीच संपला, त्याची फाइल रोज पहाटे मागवली जात असते. प्लगइन बंद केलं तरी त्याने लावलेलं काम यादीतून जाईलच असं नाही; लिहिणाऱ्याने तशी तजवीज केलेली असावी लागते. नसेल तर वेळ झाली की वर्डप्रेस हाक मारतं, ओ द्यायला कोणी नसतं, आणि ते मुकाट्याने पुढची तारीख टाकून मोकळं होतं.

ही वेळही फसवी असते. वर्डप्रेसला स्वतःचं घड्याळ नाही. स्वस्त होस्टिंगवर सर्व्हरचा क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी काम सुरू करणारी सोय, मिळेलच याची खात्री नव्हती, म्हणून वर्डप्रेस बनवणाऱ्यांनी तोडगा काढला: कोणी पान उघडलं की वेळ होऊन गेलेली कामं आहेत का ते बघायचं. कडी वाजली तरच उठणारा राखणदार म्हणा. गर्दीच्या साइटवर फरक कळत नाही. देवगडच्या आंबेवाल्याच्या साइटवर मात्र रात्री बाराचा भावबदल सकाळी पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत पडून राहतो. बरं, ज्याच्या येण्याने ते काम सुरू झालं, त्याला जुनाच भाव दिसतो, कारण काम बाजूला वेगळ्या विनंतीत चालतं. त्यात पानं कॅशमधून जात असतील तर गिऱ्हाईक येऊनही पीएचपीपर्यंत काहीच पोचत नाही. उपाय जुना आणि सोपा आहे. कॉन्फिग फाइलमध्ये ही सोय बंद करायची आणि सर्व्हरच्या खऱ्या क्रॉनला दर पाच मिनिटांनी ते दार ठोठावायला लावायचं. मी हे विचारत बसत नाही, पहिल्याच दिवशी करते.

वेळेचा दुसरा घोळ टाइमझोनचा. साइटची सेटिंग यूटीसीवर राहून गेली असेल तर रात्री बाराचं काम आपल्याकडे पहाटे साडेपाचला धावतं. हे एकदा दुरुस्त केलं की संपतं. न्यू जर्सीत दिवाळीचा फराळ विकणाऱ्या एका काकूंच्या साइटवर ते संपत नाही. सकाळी आठला ऑर्डरींची यादी स्वयंपाकघरात पोचावी असं काम लावलेलं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात आणि यादी सातला येऊ लागते, कारण वर्डप्रेसच्या लेखी ‘रोज’ म्हणजे ८६,४०० सेकंद, भिंतीवरचे आठ नव्हेत. मार्चमध्ये तेच उलट. त्या रविवारी वेळ हाताने सरकवायची, हे माझ्या कॅलेंडरात लिहून ठेवलंय. आपोआप चालणाऱ्या कामाची आठवण माणसाने ठेवायची, असा हा कारभार!

पण माझा सगळ्यात जास्त जीव अडकतो तो कामाच्या शब्दांत. मालक सांगतात, ‘दर सोमवारी भाव पाच टक्क्यांनी वाढव.’ तक्त्यात हे सूत्र सहज बसतं. आता सर्व्हर मध्येच अडखळला आणि काम पुन्हा धावलं तर? हजाराची पेटी एक हजार पन्नासवर थांबत नाही, ११०२ रुपये ५० पैशांवर जाते. आणि पाचशे ओळींपैकी दोनशे झाल्यावर तुटलं असेल तर आणखी वाईट, कारण कुठल्या दोनशे हे कोणीच सांगू शकत नाही. म्हणून मी मूळ भावाचा वेगळा रकाना ठेवते आणि काम असं लिहिते: विक्रीचा भाव म्हणजे मूळ भाव गुणिले अमुक. असं काम एकदा धावो की दहादा, उत्तर तेच. ‘किती बदल’ हे सांगायचं नाही, ‘शेवटी काय असावं’ हे सांगायचं. या धंद्यात नव्याने आलेल्या मुलांना मी एवढं एकच घोकून घेते, बाकीचं त्यांना कळत जातं.

आता ‘पूर्ण झालं’ या हिरव्या शेऱ्याबद्दल. त्यावर माझा विश्वास नाही. २०२० च्या सप्टेंबरअखेरीस इंग्लंडमध्ये कोरोनाचे १५,८४१ रुग्ण दैनिक आकड्यांतून गळाले. प्रयोगशाळांच्या सीएसव्ही फाइली आपोआप एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस स्वरूपात ओढल्या जात होत्या, आणि त्या स्वरूपात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. काम रोज धावत होतं, फक्त उरलेल्या ओळी खाली पडत होत्या. आपल्या दुकानात एवढ्या ओळी नसतात, पण फाइलमध्ये किती आल्या आणि तक्त्यात किती उतरल्या हे दोन आकडे शेजारी छापायला कितीसा त्रास? रोज ‘यशस्वी’ म्हणणाऱ्या ईमेल मी बंद करते, आठवडाभरात त्या कोणी उघडत नाही. त्याऐवजी काम संपलं की बाहेरच्या एका सेवेला खूण जाते, आणि खूण आली नाही तर ती सेवा मला फोनवर कळवते. काम सुरूच झालं नाही तर ते स्वतः तक्रार करायला येणार नाही, ही गोष्ट तक्त्याचं प्लगइन बनवणारेही विसरतात.

नावाच्या बाबतीत मी हट्टी आहे. ‘हापूस भाव, रोज सकाळी ६, ३१ मे ला बंद, मालकांनी सांगितलं’ एवढं सगळं नावातच. लांब दिसतं, दिसू दे. हंगाम उघडायचं काम मार्चमध्ये हौसेने लावलं जातं. बंद करायचं काम लावायला मात्र कोणी बसत नाही, आणि पावसाळ्यात कोणी पेटी मागवली की मग पैसे परत करायची धावपळ.

तुमची साइट असेल तर आज ती यादी एकदा उघडा. वर्डप्रेसची स्वतःची कामं, अपडेट तपासण्यासारखी, त्यांना हात लावू नका. बाकीच्यांपैकी ज्याचं कारण घरात किंवा दुकानात कोणालाच सांगता येत नाही, ते काम पुसू नका, नुसतं थांबवा. महिनाभर कोणाचा फोन आला नाही तर मग खुशाल काढून टाका.