पाठभेदांची नोंद

पुणतांब्याला चांगदेवांची समाधी असल्याने ‘चांगदेव पासष्टी’ शिकवताना वर्गात आपलेपणा असतो. त्यातून ज्ञानेश्वरीच्या पाठशुद्धीचा विषय निघतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ती प्रत शुद्ध केली. पण कोणता शब्द का बदलला, याची त्यांची टिपणे आपल्यापाशी नाहीत.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याला ही खंत कळेना. त्यांच्या प्रकल्पात माणसे वाढली, तशी त्यांनी ‘गिट’ची जोड घेतली. लिनक्सचे काम १९९१ मध्ये सुरू झाले. अनेक वर्षे जगभरच्या दुरुस्त्या लिनस टॉरव्हाल्ड्स ई-मेलवरून घेऊन हाताने जोडीत. २००५ मध्ये त्यांनी गिट रचले. त्यात प्रत्येक बदलापाशी नाव, वेळ आणि कारण राहते. गाळलेली ओळही परत पाहता येते. दोघांनी एकच ओळ वेगवेगळी बदलली, तर यंत्र थांबते आणि निवड माणसावर सोपवते. संपादनशास्त्राचा हा तर गाभाच!

मी त्याच्या प्रकल्पातील कारणे वाचू लागलो. ‘दुरुस्ती’, ‘किरकोळ दुरुस्ती’, पुन्हा ‘दुरुस्ती’. साधन अपूर्व खरे, पण ‘का’ची जागा त्यातही रिकामीच होती. आता कारणाविना आलेला बदल तो स्वीकारत नाही. सहकारी कुरकुरतात म्हणे.