एक नोव्हेंबर आणि आमचा वर्ग



आमच्या बेळगावात एक नोव्हेंबरला तीन गोष्टी एकाच दिवशी येतात. चन्नम्मा चौकात लाल-पिवळे झेंडे घेऊन राज्योत्सवाची मिरवणूक येते. मराठी माणसे काळ्या फिती लावून काळा दिन पाळतात. आणि चर्चमध्ये सर्व संतांचा सण असतो.

१९५६ साली याच तारखेला भाषावार राज्ये झाली आणि बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. १९७३ साली त्याच तारखेला म्हैसूरचे कर्नाटक झाले. आमच्यापैकी बहुतेकांच्या आजोबांनी संसार मांडला तो मुंबई राज्यात, वडील शिकले म्हैसूर राज्यात, आणि आम्ही जन्मलो कर्नाटकात. घर तेच, गल्ली तीच, देशही तोच. भाषा मात्र आम्ही मुठीत घट्ट धरून ठेवली. मूठ घट्ट धरली की ती कधीतरी कुणाला लागते. तसेच झाले.

आम्ही धर्मग्रामात पहिल्या कम्युनियनच्या मुलांचा वर्ग घेतो. दोन वर्षांपूर्वी कन्नड बोलणाऱ्या घरातला एक आठ वर्षांचा मुलगा वर्गात आला. प्रभूची प्रार्थना म्हणताना तो ‘तुझी इच्छा’ऐवजी ‘तुझा इच्छा’ म्हणाला. मुले हसली. आम्ही त्यांना गप्प करायला हवे होते. उलट आम्ही स्वतः हसून त्याला तेच वाक्य तीनदा म्हणायला लावले. बी.ए.ला मराठी घेतल्याचा अभिमान, दुसरे काय! पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही.

सर्व संतांच्या सणाला प्रकटीकरणातले वाचन असते. योहानाला सिंहासनापुढे मोजता न येणारा समुदाय दिसतो, सर्व राष्ट्रांतला, वंशांतला आणि भाषा बोलणाऱ्यांतला. हे वाचन आम्ही कितीदा ऐकले असेल! त्या वर्षी मात्र ते ऐकताना वर्गातली रिकामी जागा डोळ्यांसमोर आली. स्वर्गात गेल्यावरही त्या लोकांच्या भाषा योहानाला ओळखू येतात. कुणी कुणाची भाषा पुसलेली नाही, आणि भाषेमुळे कुणी बाहेरही राहिलेला नाही. मग आमच्या वर्गाच्या दाराशी नाका कुणी बसवला? राज्यांचा सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. वर्गातला सीमाप्रश्न आमचाच होता.

त्याच आठवड्यात आम्ही त्याच्या घरी गेलो. आईने ‘बर्री’ म्हणत आत बोलावले, चहा ठेवला. तो रोज रात्री मराठी प्रार्थना पाठ करायचा, असे तिने सांगितले तेव्हा आमच्या माना खाली गेल्या. आम्ही मोडक्या कन्नडात त्याची माफी मागितली आणि म्हणालो, ‘ऐतवार बर्री.’ तो खुदकन हसला. मोठ्यांना लावायचा ‘री’ आम्ही त्या एवढ्याशा मुलाला लावला होता! त्याने आमची चूक सांगितली, पण एकदाच. कन्नडात निर्जीव वस्तूंना आपल्यासारखे ‘तुझा-तुझी’ नसते, हे आम्हांला त्यानंतर कळले. म्हणजे तो निष्काळजी नव्हता. परक्या भाषेत देवाला हाक मारत होता.

आता वर्गात मुले आधी आपापल्या घरच्या भाषेत प्रार्थना म्हणतात, मराठीत, कोकणीत, कन्नडात, आणि मग सगळी मिळून मराठीत. काही पालक नाराज झाले. “आज वर्गात कन्नड आणले, उद्या मराठी मिस्सा बंद होईल,” असे एक काका कळवळून म्हणाले. ही भीती खोटी नाही. दुकानाच्या पाटीवर, कचेरीच्या अर्जावर आपली भाषा आक्रसताना आम्हीही पाहतो. म्हणूनच मराठी मिस्सा आम्ही सोडणार नाही, मुलांना मराठी वाचायला शिकवणारच. आपली भाषा, लिपी आणि संस्कृती जपण्याचा हक्क संविधानाच्या कलम २९ ने दिला आहे. भारतीय होण्यासाठी मराठीपण उंबऱ्याबाहेर ठेवा, असे देशाने आम्हांला सांगितलेले नाही. पण तो हक्क त्या मुलाच्या कन्नडालाही आहे.

आणि मराठीचा अभिमान बाळगायचा तर फादर थॉमस स्टीफन्स आठवावेत. हे इंग्लंडचे धर्मगुरू. त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले गेले. मराठी ही त्यांच्या आईची भाषा नव्हती, ती त्यांनी इथे येऊन शिकली. त्यांच्या पहिल्या चुकांना आमच्यासारखे शिक्षक भेटले असते तर?

येत्या एक नोव्हेंबरला पहिले वाचन तोच मुलगा करणार आहे, मराठीत. कुठे ‘तुझा-तुझी’ चुकलेच तर आम्ही पुढच्या बाकावर असू, पण हसणार नाही.

हे प्रभो, आमच्या आईची भाषा आमच्या ओठांवर राहू दे, आणि शेजाऱ्याच्या आईच्या भाषेसाठी आमचे कान उघड. आमेन.