मे महिन्यात भरलेली टाकी

मार्च सरत आला की नांदेडच्या बाजारात पत्र्याचे कूलर दुकानांबाहेर येऊन रस्त्याच्या कडेला ओळीनं उभे राहतात. शेजारी गवताच्या जाळ्यांची थप्पी, कूलरच्या पंपांची खोकी, आणि दोरीला लटकलेली पंख्यांची पाती. लातूरला गंजगोलाईच्या आसपासही थोड्याफार फरकानं हेच चित्र. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला शिवतो, मे महिन्यात तो बेचाळीस-त्रेचाळीसला जाऊन बसतो, आणि दुपारी बारा ते पाच गावं घरात शिरतात.

या घरांमध्ये अलीकडे एक नवं यंत्र दिसू लागलं आहे: चाकांवर फिरणारा पोर्टेबल एसी. त्याचं गिऱ्हाईक ठरलेलं आहे. बदलीवर आलेले नोकरदार, भाडेकरू, आणि भिंतीला भोक पाडू न देणाऱ्या घरमालकाशी वाद घालायची इच्छा नसलेले सगळे. माझा मावसभाऊ त्यांतलाच. नांदेडला तरोडा भागात वरच्या मजल्यावर दोन खोल्या, डोक्यावर थेट गच्चीचा स्लॅब. त्यानं असा एसी आणला आणि ऐन मे महिन्यात त्याची तक्रार सुरू झाली. मध्यरात्रीनंतर यंत्र आपोआप बंद पडायचं आणि पाण्याची टाकी भरल्याचा लाल दिवा लागायचा. उठायचं, खालचं बूच काढायचं, परातीत पाणी घ्यायचं, बूच लावायचं, पुन्हा झोपायचं.

कंपनीच्या माणसानं फोनवरच निदान केलं: सेन्सर गेला, यंत्र पाठवून द्या. पाठवलं असतं तर जून उजाडला असता. म्हणून गल्लीतला फ्रिज-कूलर दुरुस्त करणारा मिस्त्री बोलावला. मी त्या दिवशी तिथंच होतो. मिस्त्रीनं पिशवीतून पाना काढला, पण यंत्राला हात लावला नाही. खोलीभर नजर फिरवली आणि खिडकीशी चाललेल्या कूलरकडे पाहत विचारलं, "सर, कूलर कामून लावला हो इथं?"

मावशीला कूलरचा झोत आवडतो, म्हणून लावला होता. एसी चालू, म्हणून खिडक्यांच्या उरलेल्या फटी बंद. आणि बंद खोलीत कूलर खोलीतलीच हवा फिरवत होता.

गोम तिथं होती. पोर्टेबल एसीत गार आणि गरम अशा दोन्ही जाळ्या एकाच डब्यात असतात. खोलीतल्या हवेतली वाफ गार जाळीवर पाणी होऊन ठिबकते. बहुतेक यंत्रं हे पाणी फेकून न देता गरम जाळीवर उडवतात. त्याची पुन्हा वाफ होते आणि मागच्या जाड पायपातून गरम हवेबरोबर बाहेर जाते. मराठवाड्यात मे महिन्यातली हवा इतकी कोरडी असते की टाकी भरायचं कारणच नसतं. ती भरत असेल तर खोलीत कुठून तरी पाणी येतंय असाच त्याचा अर्थ. इथं एक यंत्र हवेत पाणी ओतत होतं आणि दुसरं तेच पाणी पिळून काढत होतं. विजेचं बिल मात्र दोघांचं. कूलर बंद केला. त्या रात्री लाल दिवा लागला नाही आणि सेन्सर जिथल्या तिथं राहिला.

एसीचा जन्मच मुळी दमटपणातून झाला आहे. १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात दमट हवेनं कागद फुगायचा, आक्रसायचा आणि रंगांचे ठसे एकमेकांवर नीट बसायचे नाहीत. विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरनं हवेतला ओलावा ताब्यात ठेवणारी यंत्रणा आखली, ती त्या कागदासाठी. माणसांना गारवा देण्याचं काम तिच्याकडे नंतर आलं.

कूलरचा हिशेब उलटा. पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता घेतं. पण ओल्या कापडात गुंडाळलेली तापमापी जितकं तापमान दाखवते, त्याच्या खाली कूलर जाऊ शकत नाही. बाहेर ४२ अंश आणि हवेतला दमटपणा वीस टक्के असेल, तर ही ओली तापमापी २४ च्या आसपास थांबते. साधारण चांगल्या जाळीचा कूलर त्यातलं सत्तरेक टक्के अंतर कापतो, म्हणजे झोत २९-३० अंशांचा मिळतो. जुलैत बाहेर ३२ अंश आणि पंच्याहत्तर टक्के दमटपणा असताना ओली तापमापी २८ वर असते. तेव्हा तोच कूलर जेमतेम तीनेक अंश उतरवतो आणि वर अंग चिकट करतो. "जून लागला की आमचा कूलर बिघडतो" असं सांगत येणारी गिऱ्हाइकं मिस्त्रीला दरवर्षी भेटतात. कूलरला खिडकी उघडी लागते, एसीला बंद लागते. दोन्ही एका खोलीत आले की एकाची शिस्त दुसऱ्याला बाधते.

टाकीचा प्रश्न सुटला तरी भावाची दुसरी तक्रार होतीच: खोली हवी तशी गार होत नाही. एव्हाना शेजाऱ्यांनी निकाल दिला होता, "गॅस संपला असेल." हे निदान आपल्याकडे सगळ्या थंड यंत्रांना लागू केलं जातं. खरं तर गॅस बंद नळ्यांमध्ये फिरत असतो, पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो कमी झाला असेल तर गळती आहे, आणि गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे पुढच्या उन्हाळ्याचं बिल आजच फाडणं. मिस्त्रीनं आधी तापमापी लावली: एकदा हवा आत जाते त्या जाळीपाशी, एकदा गार हवा बाहेर येते तिथं. दहा अंशांच्या आसपास फरक दिसला. म्हणजे यंत्र आपलं काम करत होतं.

मग त्यानं देव्हाऱ्यातली उदबत्ती मागितली. पेटवून गच्चीच्या जिन्याकडच्या दाराखाली धरली. धुराची सरळ रेघ फटीपाशी एकदम वाकली आणि खोलीच्या आत ओढली गेली.

एका पायपाच्या पोर्टेबल एसीचं हे जन्मजात दुखणं. गरम जाळी गार ठेवायला तो खोलीतलीच हवा घेतो आणि पायपातून बाहेर फेकतो, तासाला तीनेकशे घनमीटर तरी. दहा बाय बाराच्या, दहा फूट उंच खोलीत हवा असते चौतीस घनमीटर. म्हणजे तासाला आठ-दहा वेळा खोलीभर हवा बाहेर जाते आणि तेवढीच कुठल्या ना कुठल्या फटीतून आत येते. भावाच्या घरात ती येत होती तापलेल्या जिन्यातून. ही ओढ थांबवता येत नाही, पण हवा कुठून यावी हे ठरवता येतं. जिन्याच्या दाराला खालून रबरी पट्टी लावली, आणि आतल्या, सावलीच्या खोलीकडचं दार बोटभर उघडं ठेवलं.

पायपालाही हात लागला. गॅलरीत धूळ नको म्हणून तो वळसे देऊन लांबवला होता. पाइप जितका आखूड आणि सरळ, तितकी गरम हवा बिनबोभाट बाहेर जाते. वाढवला, वाकवला की यंत्र आतल्या आत तापतं. शिवाय तो पाइप स्वतःच खोलीतला एक तापलेला पृष्ठभाग असतो, हात ठेवला की लगेच काढावा लागतो. त्याला फॉइलचं वेष्टण गुंडाळलं आणि खिडकीतली मोकळी जागा थर्माकोल कापून बुजवली. गाळणीवर मराठवाड्याची बारीक धूळ नमद्यासारखी जमली होती; ती नळाखाली धुतली, सावलीत वाळवली. उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी हे करावंच लागतं, नाहीतर हवा अडते आणि गार जाळीवर बर्फ धरतो. मागच्या बाजूची दुसरी गाळणी बहुतेकांना माहीतच नसते.

राहिली वीज. असं एक टनाचं यंत्र साधारण १,२०० ते १,४०० वॅट ओढतं. त्याला भिंतीतला १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट हवा. एक्स्टेंशन बोर्डवर लावलं की आधी प्लग पिवळा पडतो, मग वितळतो. लाइट जाऊन आली की काँप्रेसर तीनेक मिनिटं मुद्दाम थांबतो. तेवढ्यात "बंद पडलं" म्हणून बटणं दाबत बसू नये. संध्याकाळी व्होल्टेज खाली गेल्यावर काँप्रेसर नुसता घुमत असेल आणि सुरू होत नसेल, तर यंत्र बंद ठेवावं आणि स्टॅबिलायझरचा विचार करावा. साधा घरगुती इन्व्हर्टर कूलर चालवतो; एसी चालवणं त्याच्या आवाक्याबाहेरचं.

लातूरचं गणित वेगळं आहे, कारण तिथला मुख्य प्रश्न पाण्याचा. माझी भाची तिथं नीटच्या तयारीला होती, ट्यूशन एरियातल्या एका खोलीत. ही परीक्षा साधारणपणे मेच्या पहिल्या रविवारी होते, म्हणजे अभ्यासाचा शेवटचा महिना नेमका उन्हाच्या कडाक्यात येतो. मुलींनी मिळून कूलर भाड्यानं घेतला होता. पंखा जोरात, हवा मात्र गरम. मागची चौकट उघडली तर गवतावर गडद आणि फिकट पट्टे उभे दिसत होते. गडद तिथं ओल, फिकट तिथं कोरडं. कोरड्या पट्ट्यातून बाहेरची हवा तशीच आत येते. वरच्या पन्हाळीची भोकं बोअरच्या पाण्यातल्या क्षारानं बुजली होती. मुलींनी ती दाभणानं मोकळी केली, पंप लिंबूफुलाच्या पाण्यात भिजवून घासला. पाण्याची वाफ होते, क्षार टाकीतच मागे राहतो आणि रोज दाट होत जातो; म्हणून वरून नुसतं पाणी भरत न राहता टाकी अधूनमधून पूर्ण रिकामी करावी लागते.

रिकामी करण्याला आणखी एक कारण आहे. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत अंड्यातून उडण्यापर्यंत पोचतो. त्याची अंडी टाकीच्या कडेला चिकटून कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात. त्यामुळे आठवड्यातून एकदा टाकी ओतून कडा घासणं हे खरं काम.

पण लातूरमध्ये पाणी ओतून द्यायचं म्हटलं की हात थबकतो. मांजरा धरण कोरडं पडलं तेव्हा, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटर अंतर कापून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा टाक्या, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर, एकूण पाच लाख. आता कूलरकडे बघा. तासाला दोन हजार घनमीटर हवा बारा अंशांनी उतरवणारा कूलर तासाला दहा लिटरच्या आसपास पाणी उडवतो. दहा तास चालला तर शंभर लिटर. म्हणजे त्या पहिल्या गाडीतलं सगळं पाणी पाच हजार कूलर एका रात्रीत संपवू शकले असते. लातूरकर टाकीतलं उरलेलं पाणी मोरीत न सोडता फरशी पुसायला आणि संडासात वापरतात, त्यामागे त्या वर्षाची आठवण आहे. झाडांना मात्र ते घालू नये. क्षार मुळांशी बसतो.

उकाड्याला घरांची बांधणीही जबाबदार आहे. पूर्वीची माळवदाची घरं, दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचा थर, दुपारभर गार राहायची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात याच भिंती आणि हेच जड छप्पर झोपलेल्या माणसांवर कोसळलं. त्यानंतर पत्रा आणि सिमेंटचा स्लॅब आला. घरं हलकी आणि पक्की झाली, पण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत खाली उष्णता सोडत राहतो. म्हणून यंत्राची तक्रार करण्याआधी गच्चीवर पांढरा चुना किंवा उष्णतारोधक रंग मारून बघावा, हे मिस्त्री फुकट सांगतो.

एका बाबतीत मात्र तो कुणाचं ऐकत नाही. पत्र्याचा कूलर, ओली फरशी, अनवाणी पाय आणि चालू प्लग: या चौकडीनं मराठवाड्यात दर उन्हाळ्यात जीव जातात. पाणी भरण्याआधी बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. अर्थिंग तपासून घ्यायचं. घराच्या बोर्डात ३० मिलीअँपिअर वीज गळली की पुरवठा तोडणारा आरसीसीबी स्विच बसवायचा. कूलरचा पंखा नुसता घुमत असेल तर आत काठी घालून फिरवायचा नाही. बहुतेकदा कंडेन्सर गेलेला असतो आणि त्यावर छापलेल्याच मापाचा नवा बसवला की काम होतं.

जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात भावाच्या एसीचा लाल दिवा पुन्हा लागला. पाऊस सुरू झाला होता, खोलीत कूलर नव्हता, हवाच ओली होती. आता टाकी भरणं बरोबर होतं. भावानं खालच्या बुचाला नळी जोडून ती मोरीत सोडली, नळीला मध्ये कुठं चढ येणार नाही हे पाहिलं. ऑगस्टमध्ये यंत्र ठेवायची वेळ आली तेव्हा टाकी रिकामी केली, दिवसभर नुसता पंखा चालवून आतली ओल सुकवली, पाइप काढून पुसला, आणि यंत्र उभंच ठेवून त्यावर जुनी चादर टाकली. आडवं ठेवलं तर काँप्रेसरमधलं तेल नळ्यांमध्ये उतरतं. टेम्पोवाल्यानं बदलीच्या सामानात ते आडवं घातलंच, तर नव्या घरी पोचल्यावर उभं करून निदान रात्रभर तरी चालू करू नये, असं मिस्त्रीनं जाताना बजावलं होतं. भावाच्या बदलीची ऑर्डर त्याच महिन्यात आली, लातूरची.