सेल्फ कोणत्या गाडीचा?

ऑटोमॅटिक गाडीला क्लच आणि गिअर बसवायचे ठरले, तेव्हा गिअरबॉक्स कुठून आणायचा आणि तिसरं पेडल कसं बसवायचं एवढीच चिंता होती. सेल्फचा विचार मनाला शिवलाही नव्हता. इंजिन तेच राहणार, मग ते फिरवणारी मोटर बदलायची कशाला? पण खामगाव, मलकापूर, अकोला, जिथे विचारलं तिथे उत्तर वेगळं. एक म्हणाला, "तुमचाच बसते." दुसरा म्हणाला, "ट्रॅक्सचा टाका, भाऊ, डोळे मिटून." तिसऱ्याने खोक्यातला नवा कोरा, मुठीएवढा सेल्फ समोर ठेवला. तिघांच्या बोलण्यात सारखाच ठामपणा होता, त्यामुळे कोणाचं ऐकावं हे कळेना.

गाडी मामांची. मर्सिडीज 240डी, त्यांनी कुवेतमधली नोकरी सोडताना सोबत आणलेली. डब्ल्यू123 या नावाने ओळखली जाणारी ही मालिका 1976पासून जवळजवळ दहा वर्षं बनत होती आणि 27 लाखांच्या घरात गाड्या कारखान्यातून बाहेर पडल्या. इंजिन अजून ठणठणीत आहे. थकला तो ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. राजूर घाटात इंजिन ओरडायचं, पण चाकांपर्यंत जोर पोचायचाच नाही. त्याचे सुटे भाग बाहेरून मागवायचे तर खर्च आवाक्याबाहेर. मामा गेल्यावर गाडी विकायची नाही, असं मामींनी स्पष्ट सांगितलेलं. दर गुरुवारी शेगावला त्या याच गाडीने जातात.

वाट सापडली ती आपल्याच जिल्ह्यातल्या रस्त्यांवर. काळी-पिवळी टेम्पो ट्रॅक्स बुलढाण्यात कोणाला माहीत नाही? मेहकर-लोणार असो की चिखली-देऊळगाव राजा, एका पिढीने त्यात दाटीवाटीने प्रवास केला. त्या ट्रॅक्सचं इंजिन म्हणजे मर्सिडीजचं ओएम616, चार सिलिंडरचं डिझेल. बजाज टेम्पोने ते डेमलर-बेंझच्या परवान्याने पुण्यात बनवलं. 2005 साली हीच कंपनी फोर्स मोटर्स झाली. मामांच्या 240डीमध्येही ओएम616च आहे. स्टुटगार्टच्या गाडीचं आणि आपल्या वडापच्या गाडीचं काळीज एक, हे कळलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. मलकापूरजवळ भंगारात निघालेल्या एका ट्रॅक्सचा गिअरबॉक्स मिळाला. गिअरची दांडी कुठे निघाली, प्रोपेलर शाफ्टचं काय झालं, ते सगळं इथे सांगत नाही. तो निराळा विषय आहे.

मला खरं शहाणं केलं ते खामगावच्या चाचांनी. बॅटरी-डायनामो-सेल्फच्या कामात त्यांचं आयुष्य गेलं. मी त्यांच्यापुढे तिन्ही दुकानांची उत्तरं मांडली. ते म्हणाले, "कोनत्या गाडीचा सेल्फ, हे नको विचारू बेटा. रिंग कोनती लागनार, ते सांग."

तोवर रिंग म्हणजे काय हेही मी नीट पाहिलेलं नव्हतं. त्यांनी गोणपाटावर दोन वस्तू शेजारी ठेवल्या. एक आमच्या गाडीतून निघालेली फ्लेक्सप्लेट: पातळ पोलादी चकती, कडेला दात. ऑटोमॅटिकमध्ये तिच्यावर टॉर्क कन्व्हर्टर बोल्टने धरलेला असतो. दुसरं ट्रॅक्सचं फ्लायव्हील: जड ओतीव लोखंड, एका हाताने न उचलणारं, कारण क्लच प्लेट त्याच्यावरच दाबून धरायची असते. सेल्फच्या टोकाचं दातेरी चाक, म्हणजे बेंडिक्स, जाऊन भिडतं ते कडेच्या या दातांना, म्हणजेच रिंगला. ऑटोमॅटिकचं मॅन्युअल करताना नेमकी हीच वस्तू बदलते. दात कमी-जास्त होऊ शकतात, रिंगचा व्यास बदलू शकतो, रिंग काही मिलिमीटर पुढे-मागे सरकू शकते. इंजिन तेच असूनही सेल्फ चुकीचा ठरू शकतो तो यामुळे. काही गाड्यांमध्ये कंपनीने दोन्ही प्रकारांना एकच सेल्फ दिलेला असतो, काहींत नाही. म्हणून मोजल्याशिवाय उत्तर नाही.

मोजायचं तरी काय? बेंडिक्सचे दात मोजले की झालं, असं मला वाटायचं. चाचांनी दोन जुनी बेंडिक्स माझ्या हातात दिली. दोन्हींना दात सारखेच, पण एक दुसऱ्याच्या खाचेत बसेना. दाताची जाडीच वेगळी. इंजिनिअर ती मॉड्यूलमध्ये मोजतात. रिंगचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा आणि दातांच्या संख्येत दोन मिळवून त्याने भागायचं, की मॉड्यूलचा आकडा हाती येतो. सेल्फ कोणत्या दिशेला फिरतो, बोल्टची भोकं कुठे आहेत, नाकाची लांबी किती, हेही पाहायचं. जुन्या अवजड गाड्यांचे सेल्फ 24 व्होल्टचे असू शकतात, म्हणून पाटीवरचा व्होल्टेज वाचल्याशिवाय भंगारातला सेल्फ घेऊच नये.

चाचांचा सल्ला सरळ होता: फ्लायव्हील, बेल हाउसिंग (गिअरबॉक्स इंजिनाला जोडणारं कवच) आणि सेल्फ, तिन्ही एकाच गाडीतून घ्या. कारखान्याने ते एकमेकांसाठीच बनवलेले असतात. आम्ही तेच केलं. पण ट्रॅक्स इतकी वर्षं वडापला चाललेली. मधे कोणी काय बदललं असेल कोण जाणे, म्हणून खात्री करणं आलंच. त्यांनी गेरू तेलात कालवला आणि रिंगच्या दहा-बारा दातांना बोटाने लावला. सेल्फ बसवला, बेंडिक्स पुढे ओढून धरलं आणि फ्लायव्हील हाताने हळूहळू फिरवलं. मग बॅटरीच्या उजेडात दात पाहिले. गेरू पुसला गेला होता तो दाताच्या मधल्या भागावर, जवळजवळ पूर्ण रुंदीत. टोकावरच पुसला असता तर सेल्फ दूर बसला असं समजायचं, आणि बुडापर्यंत गेला असता तर जास्त जवळ. दोन्ही प्रकारांत सेल्फ किंचाळू शकतो. बेंडिक्स मागे सोडलं तेव्हा रिंग आणि त्याच्यामध्ये दोन-तीन मिलिमीटर मोकळी जागा उरली. "आता आर्मेचर खोलतो," चाचा म्हणाले. कार्बन आणि बुश नवे टाकले.

फ्लायव्हीलबद्दल एक गोष्ट मात्र कोणत्याच दुकानात कोणी सांगितली नव्हती. मर्सिडीजच्या या इंजिनात फ्लायव्हील किंवा फ्लेक्सप्लेट क्रँकशाफ्टसोबत बॅलन्स केलेली असते. दुसऱ्या इंजिनाचं फ्लायव्हील तसंच कसलं तर इंजिन थरथरतं. म्हणून आमची जुनी फ्लेक्सप्लेट नमुना धरून ट्रॅक्सचं फ्लायव्हील तिच्याशी जुळवून घेतलं. क्रँकशाफ्टच्या तोंडाशी पायलट बेअरिंगही बसवावं लागलं, कारण ऑटोमॅटिकला त्याची गरज नव्हती.

तो खोक्यातला छोटा सेल्फ वाईट नाही. त्यात आतच गिअर असतात; मोटर लहान, फिरते वेगाने आणि करंट कमी ओढते. पण ओएम616चं कॉम्प्रेशन 21ला 1 आहे. पेट्रोल इंजिनाच्या साधारण दुप्पट. हिवाळ्याच्या पहाटे घट्ट झालेल्या ऑइलमध्ये ते फिरवायला दोन किलोवॅटच्या आसपासची ताकद हवी, आणि त्या खोक्यावर ताकदीचा आकडाच छापलेला नव्हता. अशी वस्तू मी घेणार नाही. एकाने सुचवलं, सेल्फ कसाही चालेल, मॅन्युअल झाल्यावर उतारावर लावा आणि गिअरमध्ये सोडा. ट्रॅक्सवाले वर्षानुवर्षं तसं करत आले आहेत. पण शेगावच्या पार्किंगमध्ये मामींनी उतार कुठे शोधायचा?

सगळं बसल्यावर चाचा गाडीखालून हात बाहेर काढून म्हणाले, "ही पट्टी कोनाची?" वेणीसारखी विणलेली तांब्याची अर्थिंग पट्टी फरशीवर उरली होती. या गाडीत ती बॉडीपासून बेल हाउसिंगला जोडलेली असते. बेल हाउसिंग बदललं, तिची जागा गेली. ती नसेल तर सेल्फचा सगळा करंट केबलसारख्या भलत्या वाटा शोधतो आणि त्या जाळतो. त्यांनी नव्या बेल हाउसिंगचा एक बोल्ट घासून चकचकीत केला आणि पट्टी तिथे कसली. मग मीटर लावला. सेल्फ फिरताना व्होल्टेज 9.6च्या खाली उतरला नाही पाहिजे. आमचा दहाच्या वर राहिला.

राहिला होता सुरक्षेचा स्विच. ऑटोमॅटिक गाडी फक्त पी किंवा एनमध्ये सुरू होते, कारण गिअरबॉक्सवरच्या स्विचमधून सेल्फची वायर जाते. गिअरबॉक्स काढला की ती वायर तुटकी उरते आणि किल्ली कितीही फिरवा, सेल्फ ढिम्म. बहुतेक जण दोन टोकं जोडून मोकळे होतात. माझं त्यावर ठाम मत आहे: तसं करू नये. गाडी पहिल्या गिअरमध्ये राहिली आणि कोणी किल्ली फिरवली, तर सेल्फच गाडीला पुढे ढकलतो. समोर माणूस असेल तर अनर्थ. बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, हे शेतकऱ्याच्या घरात पोरालाही माहीत असतं. चिखलीच्या दुकानातून तसाच स्विच आणला, क्लच पेडलवर बसवला आणि ती दोन टोकं त्याच्यातून नेली. त्याच जुन्या स्विचवर रिव्हर्सचा दिवाही होता. त्याची वायर नव्या गिअरबॉक्सला वेगळी दिली.

आता मामी हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबतात, क्लच दाबतात, किल्ली फिरवतात आणि इंजिन लागतं. स्पीडोमीटरचं मात्र अजून जुळलेलं नाही. ट्रॅक्सची चाकं आणि डिफरन्शिअलचं गुणोत्तर वेगळं, त्यामुळे काटा खरा वेग दाखवत नाही. त्यासाठी मोबाइलच्या जीपीएसवर आकडे टिपून घेतोय.