भरती साडेचार मीटरची, मग लाट केवढी?

पावसाळ्यात मुंबईच्या बातम्यांत एक वाक्य हमखास येतं: 'आज समुद्रात साडेचार मीटरच्या लाटा उसळणार.' मुलं वर्गात तेच सांगतात. पण तो आकडा बहुतेक वेळा भरतीचा असतो. एका ठरावीक आधारपातळीपासून पाणी किती चढेल, एवढंच तो सांगतो. चंद्र-सूर्याच्या गणितावरून तो वर्षभर आधी छापता येतो. लाट उठते वाऱ्यामुळे. तिची उंची म्हणजे शीर्षापासून द्रोणीपर्यंतचं उभं अंतर.

भर समुद्रात ती मोजायची कशी? काही ठिकाणी तरंगती यंत्रं, म्हणजे बोया, असतात. बाकीच्या अफाट पाण्यावर उपग्रहच नजर ठेवतात. भारत आणि फ्रान्सने मिळून 2013 साली श्रीहरिकोटाहून 'सरल' हा उपग्रह सोडला, त्याच्या कामांत हेही होतं. सुमारे 800 किलोमीटरवरून खाली रडारचे स्पंद सोडायचे आणि परतणारा प्रतिध्वनी ऐकायचा, ही त्याची पद्धत. नववीच्या ध्वनीच्या धड्यात सोनार येतो ना, तीच कल्पना. फक्त इथे आवाजाऐवजी रेडिओ लहरी.

गंमत पुढे आहे. समुद्र शांत असेल तर प्रतिध्वनी एकदम येतो. लाटा असतील तर आधी शीर्षांवरून येतो, मग द्रोणींवरून. म्हणजे तो हळूहळू चढतो. हा चढ जितका लांबलेला, तितक्या लाटा उंच. फळ्यावर गणित करून घ्या: लाट 3 मीटरची, जाऊन-येऊन फरक 6 मीटरचा, वेग सेकंदाला 3 लाख किलोमीटर. उत्तर 20 नॅनोसेकंद! सेकंदाचे शंभर कोटी भाग केले, तर त्यातले फक्त वीस.

उपग्रह एकेक लाट मात्र मोजत नाही. काही किलोमीटर पट्ट्यातल्या सगळ्या लाटांचा मिळून एक आकडा देतो. हैदराबादच्या 'इन्कॉइस' संस्थेच्या इशाऱ्यांत लाटांची जी उंची असते, तीही अशीच: सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी. मुलांना नऊ आकडे द्या: 1, 1, 1.5, 2, 2, 2.5, 3, 3.5, 4. वरच्या तिघांची सरासरी 3.5 येते, पण 4 ची लाट त्यातच बसलेली आहे. प्रत्यक्षात शेकडो लाटांत एखादी या आकड्याच्या जवळजवळ दुप्पटही निघते. इशारा 3.5 मीटरचा असला, तर 6-7 मीटरची लाट म्हणजे अंदाज चुकला असं नव्हे. 'दहा मिनिटं बघतोय, एवढं काही नाही' म्हणत खडकावर सेल्फी काढणाऱ्यांना हेच ठाऊक नसतं.

आणखी एक. उपग्रह फक्त आपल्या वाटेखालची रेषा बघतो आणि 'सरल'ला मूळ कक्षेत त्याच रेषेवर परत यायला 35 दिवस लागत. जोरदार पाऊस त्याचे स्पंद क्षीण करतो. किनाऱ्याला अगदी लागून जमिनीचा प्रतिध्वनी मिसळतो, त्यामुळे मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर आपटणारी लाट उपग्रहाच्या आकड्यात नसतेच.